कस्टम बेस करून घ्यायचाय? आधी सातात मोजायला शिका

मिरजेत तंबोरा करायला टाकणारा गायक सगळ्यात आधी आपली पट्टी सांगतो. पुरुषाचा आवाज की बाईचा, पांढरी एक की काळी पाच, त्यावर भोपळा केवढा घ्यायचा, दांडी किती लांब ठेवायची, तारा कोणत्या चढवायच्या हे ठरतं. गायकालाच आपली पट्टी ठाऊक नसेल, तर चांगल्यातला चांगला कारागीरही काय करणार? कस्टम बेस गिटारचं, म्हणजे आपल्या मापाने घडवून घेतलेल्या, खालचे सूर वाजवणाऱ्या गिटारचं, अगदी असंच आहे.

मी पुण्यात १६ वर्षं बेस वाजवतोय आणि त्यातली बरीचशी वर्षं प्रोग्रेसिव्ह संगीतात गेली आहेत. जॅमपॅडवर, म्हणजे बँड तालीम करतात त्या जागी, विशीतली मुलं-मुली भेटतात. फोनवर सहा तारांच्या, हेडलेस (दांडीच्या टोकाला खुंट्यांचा भाग नसलेल्या), वर सुंदर रेषांचं लाकूड लावलेल्या बेसचा फोटो दाखवतात. "दादा, असा बनवून घ्यायचाय. किती लागतील?" मी विचारतो, "आत्ता जो वाजवतोस, त्यात काय कमी पडतंय?" बहुतेक वेळा समोरून उत्तर येत नाही. ते उत्तर कसं शोधायचं, आणि सापडल्यावर कारागिरापुढे कसं मांडायचं, ते इथे पायरीपायरीने लिहितो. रस्ता दोन-तीन वर्षांचा आहे. पण त्यातलं प्रत्येक वर्ष वाजवण्यातच जातं, त्यामुळे वाया काहीच जात नाही.

पायरी १: नुसता बेस ऐका

प्रोग्रेसिव्ह रॉकने १९६० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये आकार घेतला. किंग क्रिमझनचा पहिला अल्बम १९६९ चा. त्याच सुमाराला येस आणि जेनेसिस उभे राहत होते. तीन मिनिटांत गाणं संपलंच पाहिजे, ही अट या मंडळींनी सोडून दिली. एकाच रचनेत चार-पाच वेगवेगळे भाग, मध्येच बदलणारा ताल, जॅझ आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत यांच्याकडून घेतलेल्या कल्पना. आपल्या दृष्टीने यातली मोठी गोष्ट अशी, की मागे उभा राहून मूळ सूर धरणारा बेस पुढे आला आणि स्वतःचं बोलायला लागला.

सुरुवात येसच्या ख्रिस स्क्वायरपासून करा. १९७१ चं 'राउंडअबाउट' लावा. रिकेनबॅकर बेस, पिकने वाजवलेला, खर्जाइतकाच वरचा धारदार आवाज. गिटारवाल्याकडे दुर्लक्ष केलं तरी गाणं उभं राहतं, इतकं त्या बेसमध्ये आहे. मग कॅनडाच्या रशमधला गेडी ली. मग टोनी लेव्हिन: १९८१ च्या 'डिसिप्लिन' या अल्बमवर त्याने चॅपमन स्टिक नावाचं वाद्य वाजवलंय, ज्यात दोन्ही हातांची बोटं तारांवर आपटून सूर काढतात. नंतरच्या पिढीतून ड्रीम थिएटरचा जॉन मायुंग आणि टूलचा जस्टिन चॅन्सेलर. एवढे पाच जण सहा महिन्यांना पुरून उरतात. शंभर बँडची यादी जमवून प्रत्येकाचं एकेक गाणं ऐकण्यात मला काही हशील दिसत नाही.

ऐकायचं हेडफोनवर. बेसची सगळ्यात खालची मोकळी तार ४१ हर्ट्झची असते आणि फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून तो मूळ सूर बाहेर पडतच नाही. तिथे ऐकू येतात ते फक्त वरचे अंश. एकच गाणं तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त बेस धरा, बाकी सगळं मागे जाऊ द्या. दुसऱ्यांदा बेसची ओळ तोंडाने गुणगुणा, कारण जे तोंडाला येत नाही ते बोटांना येत नाही. तिसऱ्यांदा बेस कुठे थांबतो ते पाहा. सूर कितीही असोत, कुठे थांबायचं हे ज्याला कळतं तोच मला बेसिस्ट वाटतो. आणि हे थांबणं नवशिक्याला सगळ्यात उशिरा ऐकू येतं.

पायरी २: सातात, दहात, पाच-सातात मोजा

प्रोग्रेसिव्ह म्हटलं की लोक 'ऑड टाइम'ला, म्हणजे पाच, सात अशा विषम मात्रांच्या ठेक्याला घाबरतात. मीही घाबरायचो. घरी एक सातचा रिफ (पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा छोटा तुकडा) घेऊन बसलो होतो आणि दर वेळी आठव्या ठोक्यावर पाय खाली येत होता. शेजारचे तबला वाजवणारे काका दारात येऊन ऐकत होते. म्हणाले, "अरे, सात मात्रांना काय घाबरतोस? रूपक म्हण की!" आणि तिथेच टाळी देत म्हणायला लागले: ती ती ना, धी ना, धी ना. तीन, दोन, दोन. मी बेसवर फक्त एक सूर घेऊन त्यांच्यामागे गेलो. दहा मिनिटांत पाय बसला.

मराठी कानाला ही मोठी शिदोरी आहे, आणि ती वापरली नाही तर खरंच नुकसान आहे. ज्या घरात नाट्यगीतं किंवा भावगीतं ऐकली जातात, त्या घरातल्या मुलाला रूपक आणि झपताल नावानिशी माहीत नसले तरी कानात असतात. पिंक फ्लॉइडचं १९७३ चं 'मनी' सात मात्रांत चालतं. रूपक हातावर धरून ते ऐका आणि गिटारचा सोलो सुरू होताना काय होतं पाहा. ताल चारात येतो आणि एकदम मोकळं वाटतं. सोलो संपला की पुन्हा सात. एक सावधगिरी मात्र बाळगा. रूपकाची सम खाली असते. रॉकमध्ये पहिल्या ठोक्यावर ड्रमरचा पाय दणकन पडतो. मात्रा मोजायला रूपक घ्या, वजन त्या गाण्याचं घ्या.

आता माझं आवडतं उदाहरण. रशचं १९८१ चं 'वाय वाय झेड'. टोरांटो विमानतळाचा संकेत म्हणजे ही तीन अक्षरं, आणि गाण्याच्या सुरुवातीचा ठेका म्हणजे मोर्स कोडमधली तीच अक्षरं. मोर्समधल्या लांब खुणेला 'डा' म्हणू, आखूड खुणेला 'दि'. मग पूर्ण ओळ अशी होते: डा दि डा डा, डा दि डा डा, डा डा दि दि. आता झपतालाच्या दहा मात्रा हातावर धरा आणि प्रत्येक मात्रेचे दोन भाग करा. झाले वीस. 'डा'ला दोन भाग द्या, 'दि'ला एक. पहिलं अक्षर सात भागांचं, दुसरंही सात, तिसरं सहा. सात, सात आणि सहा मिळून बरोबर वीस. हाताने दहा मात्रा आणि तोंडाने ही ओळ, असं तीन-चार दिवस करा, मगच बेस हातात घ्या. मोजणी अंगात मुरली की बोटांना फक्त सूर शोधायचे उरतात.

याच्या पुढची पायरी टूलचं २००१ चं 'स्किझम'. त्याचा मुख्य रिफ पाच आणि सात असा आलटून पालटून चालतो. इथे एक ताल धरून चालत नाही, दोन तुकडे एकामागून एक जोडावे लागतात. रियाजासाठी मेट्रोनोम अगदी हळू लावा, मिनिटाला ६० ठोके. खालच्या तारेवर एकच सूर घ्या. सात बारीक मात्रांचा रिफ असेल तर मेट्रोनोम दर दोन मात्रांना वाजू द्या. पहिल्या आवर्तनात ठोका समेवर येईल, दुसऱ्यात तो समेला हुकून मध्ये पडेल, आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला पुन्हा समेवर येईल. तो मधला अवघड वाटणारा फेरा न अडखळता पार पडला की सात तुमचे झाले.

मुंबईत वाढलेल्या बेसिस्ट मोहिनी डेचं वादन पाहा. ती गुंतागुंतीच्या लयी तोंडाने बोलते आणि त्याच बोटांतून काढते. काका मला हेच सांगत होते.

पायरी ३: पहिला बेस चार तारांचा आणि साधा

लिओ फेंडरने प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आणला, जॅझ बेस १९६० मध्ये. आज बाजारात मिळणारे बहुतेक साधे बेस या दोनपैकी एकाच्या घडणीवर आहेत. तारेची लांबी, म्हणजे स्केल, ३४ इंच. स्क्वायर, यामाहा, आयबानेझ यांच्यापैकी कुणाचाही सुरुवातीचा चार तारांचा बेस चालेल. मुंबईत धोबी तलावाचं फुर्टाडोज हे १८६५ पासूनचं दुकान आहे. अशा मोठ्या दुकानात जाऊन पाच-सहा बेस मांडीवर घेऊन पाहता येतात. ते जरूर करा. ऑनलाइन मागवलेल्या वाद्याचा नेक (डावा हात फिरतो ती दांडी) हातात कसा बसतो हे फोटोवरून कळत नाही.

जुना घेणार असाल तर माहीतगार मित्राला सोबत न्या. नेककडे हेडस्टॉकच्या (खुंट्या असलेल्या टोकाच्या) बाजूने एक डोळा मिटून पाहा, पीळ दिसला तर बेस तिथेच ठेवा. प्रत्येक फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) प्रत्येक तार वाजवा. बटणं फिरवताना खरखर आली तर ती बहुधा साफसफाईने जाते, त्यापायी सौदा सोडू नका. ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा वाक कमी-जास्त करणारी सळई) फिरतो का हे मात्र नक्की तपासा. घेतल्यावर सेटअप, म्हणजे नेकचा वाक आणि तारांची उंची जुळवण्याचं काम, करून घ्या, आणि तो होत असताना शेजारी बसून पाहा.

पाच तारांचा का नको, असं पुष्कळ जण विचारतात, कारण आजच्या प्रोग्रेसिव्ह मेटलमध्ये खालची बी तार (चार तारांच्याही खालच्या सुराची पाचवी) जवळपास गृहीतच धरलेली असते. माझं मत असं आहे की पहिलं वर्ष चार तारांवर जाऊ द्यावं. न वाजणाऱ्या तारा दाबून ठेवणं, म्हणजे म्यूटिंग, चार तारांवरच आधी जमायला हवं. शिवाय गेडी लीचा सगळ्यात ओळखीचा बेस कुणी त्याच्या मापाने घडवलेला नव्हता. १९७२ सालचा फेंडर जॅझ बेस, अमेरिकेतल्या कॅलामझू गावातल्या गहाणवटीच्या दुकानातून २०० डॉलरना घेतलेला.

पायरी ४: एक वही ठेवा

या लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी पायरी हीच. साधी शंभर पानी वही घ्या आणि बेसच्या पिशवीत ठेवा. रियाज, जॅम किंवा गिग (कार्यक्रम) झाली की दोन ओळी लिहा: आज हाताला काय अडलं, कानाला काय खटकलं. तारीख टाका. बस.

माझ्या वहीतल्या काही नोंदी देतो. 'उभं राहून वाजवताना हेडस्टॉक खाली झुकतो, डावा हात त्याला सावरण्यातच जातो.' 'दोन तासांनी डावा खांदा दुखतो.' 'विसाव्या फ्रेटच्या पुढे तळहात बॉडीला अडतो.' 'उधारीच्या पाच तारांच्या बेसवर बी तार लिबलिबीत, सूर कळत नाही.' 'हॉलमध्ये दिवे लागले की ॲम्पमधून घुंईऽऽ.' 'अंगठा टेकवायला जागा हवी.' यातली पहिली नोंद पुढच्या वर्षभरात अकरा वेळा आली. खांद्याची सहा वेळा. घुंईची दोनदाच, ती पिकअपच्या (तारांची कंपनं पकडणाऱ्या भागाच्या) पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवून बरीच कमी झाली.

गंमत अशी की बऱ्याच तक्रारी वर्षभरात आपोआप मिटतात. मनगट दुखण्याची माझी तक्रार पट्टा चार बोटं वर घेतल्यावर गेली. ती नोंद मी वहीत ठेवली नसती, तर 'बारीक नेक हवा' म्हणून कारागिराला सांगितलं असतं. दोन वर्षांनंतरही जी नोंद पुन्हा पुन्हा येते, तीच खरी गरज.

मोठ्या वादकांचं तरी याहून वेगळं कुठे होतं? अमेरिकन बेसिस्ट अँथनी जॅक्सनला चार तारांच्या खाली आणि वर सूर हवे होते. १९७५ च्या सुमारास कार्ल थॉम्पसन या कारागिराने त्याला सहा तारांचा बेस करून दिला. त्यात तारा एकमेकींच्या फार जवळ होत्या आणि ते जॅक्सनला जाचत होतं. पुढे केन स्मिथ, मग ब्रुकलिनचे फोडेरा, असे कारागीर बदलत, तारांमधली जागा वाढवत तो त्याला हव्या त्या वाद्यापर्यंत पोचला. आज दुकानात सहज मिळणारा सहा तारांचा बेस एका माणसाच्या वर्षानुवर्षांच्या तक्रारीतून आलाय. जॅको पास्टोरियसला फ्रेट नको होते, तर त्याच्या जॅझ बेसचे फ्रेट काढले गेले आणि खाचा भरून वर इपॉक्सीचा थर दिला गेला. कॅलिफोर्नियातल्या ॲलेम्बिकने १९७० च्या दशकात बेसमध्येच प्रीॲम्प (आवाज वाढवणारं, घडवणारं छोटं सर्किट) बसवायला सुरुवात केली, कारण त्यांच्यासमोर मोठमोठ्या मैदानांत वाजवणारे आणि स्वच्छ आवाज मागणारे वादक होते.

पायरी ५: वहीतून माप काढा

आता वही उघडा आणि प्रत्येक मोठ्या तक्रारीसमोर उपाय लिहा. काही ठिकाणी भरपूर विचार लागतो, काही ठिकाणी अजिबात नाही.

पहिला प्रश्न स्केलचा. बी तार लिबलिबीत वाटते याचं कारण तिचा सूर ३१ हर्ट्झच्याही किंचित खाली आहे आणि ३४ इंचांवर तिला पुरेसा ताण मिळत नाही. तार तीच, सूर तोच ठेवून लांबी वाढवली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३५ इंच केलं तर साधारण ६ टक्के, ३७ केलं तर १८ टक्के. कॅनडाच्या डिंगवॉलने म्हणूनच पंख्यासारखे तिरके फ्रेट घेतले: बी तार ३७ इंच, सगळ्यात वरच्या सुराची 'जी' (G) तार ३४. दिसायला विचित्र, पण दहा मिनिटांत हात सरावतो. अर्थात लांब तारेला डाव्या हाताची बोटंही जास्त फाकावी लागतात. हात लहान असेल आणि बी तार कधीतरीच लागत असेल, तर ३४ वरच राहून थोडी जाड तार चढवणं शहाणपणाचं.

दुसरा प्रश्न तारांमधल्या अंतराचा. लोक हे विसरतात आणि मग पस्तावतात. ब्रिजपाशी, म्हणजे बॉडीवर तारा अडकवतात तिथे, चार तारांच्या बेसवर साधारण १९ मिलिमीटर अंतर असतं. पाच तारांच्या बेसवर कुणी १९ च ठेवतात, कुणी साडेसोळापर्यंत आणतात. स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार आपटून, वाजवणाऱ्याला जागा जास्त लागते, तीन बोटांनी भराभर वाजवणाऱ्याला कमी अंतर सोयीचं. दोन-तीन वेगवेगळे बेस मागून घेऊन मोजपट्टी लावा आणि हाताला कोणतं आवडलं त्याची नोंद करा. दोन मिलिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, बोटांना तो पहिल्याच मिनिटाला कळतो.

तिसरा वजनाचा. तीन तासांच्या गिगसाठी चार किलोच्या आसपास किंवा त्याखाली राहा. हेडस्टॉक झुकत असेल तर हलक्या खुंट्या घ्या, बॉडीचं वरचं शिंग पुढे वाढवून घ्या म्हणजे पट्ट्याचा खिळा बाराव्या फ्रेटकडे सरकतो, किंवा हेडलेस करून घ्या. नेड स्टाइनबर्गरने १९७० च्या दशकाच्या अखेरीस हेडस्टॉकच काढून टाकला, तेव्हा तोल हा त्यामागचा एक मोठा विचार होता.

नेक बॉडीला स्क्रूने जोडायचा की एकाच लांब पट्टीतून आरपार न्यायचा? आरपार नेकमुळे वरच्या फ्रेटपर्यंत हात मोकळा जातो, माझी तळहात अडण्याची तक्रार त्यानेच गेली. स्क्रूच्या नेकला दुरुस्ती सोपी, उद्या पीळ पडला तर बदलता येतो. पहिल्या कस्टमला मी स्क्रूचाच सुचवेन आणि सांध्याची टाच गोल करून घ्यायला सांगेन.

लाकडाबद्दल खूप वाद आहेत. भरीव बॉडीच्या इलेक्ट्रिक बेसमध्ये तारा, पिकअप आणि बोटं यांचा वाटा लाकडापेक्षा कितीतरी मोठा, असं मला इतक्या वर्षांनी वाटतं. लाकूड निवडा ते वजन, टिकाऊपणा आणि नेकच्या स्थिरतेसाठी. तून नावाचं लाकूड आपल्याकडे सतारीला पिढ्यान् पिढ्या वापरतात, हलकं असतं, बॉडीला छान. साग टिकतो, पण जड पडू शकतो. फिंगरबोर्डला (नेकवर बोटं टेकतात त्या पट्टीला) भारतीय शिसव जगभर नावाजलेला आहे. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यातून सूट मिळाली, त्यामुळे परदेशात राहणाऱ्या भावा-बहिणीसाठी इथे बेस करून घेणाऱ्यांना त्या कागदपत्रांची पूर्वीइतकी धास्ती नाही. कच्चं शिसव पाठवणं मात्र वेगळी गोष्ट.

पिकअप: प्रिसिजनचा एक आणि जॅझचा एक अशी जोडी बहुतेक सगळ्या प्रोग्रेसिव्ह कामाला पुरते. प्रीॲम्प घ्या, पण तो बंद करून बेस वाजला पाहिजे असा स्विच मागा. गिगच्या मध्यात बॅटरी गेली तर हाच स्विच वाचवतो. फ्रेट स्टेनलेस स्टीलचे घ्या, मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणि आपल्या घामात ते टिकतात. रंग तुम्हाला आवडेल तो.

पायरी ६: कारागीर निवडा, सगळं लिहून घ्या

माझी पहिली कस्टम ऑर्डर फसली. वही सुरू करण्याच्या आधीची गोष्ट. एका फोटोवर भाळून सहा तारांचा बेस सांगितला. कारागिराने मी सांगितलं तसंच, नीट करून दिलं. बेस पाच किलोच्या वर भरला आणि तारांमधलं अंतर माझ्या बोटांना इतकं कमी की दोन तारा एकदम वाजायच्या. चार महिन्यांत विकला. वजन आणि अंतर, दोन्ही आकडे मी कधी बोललोच नव्हतो. साठवलेले पैसे गेल्याचं दुःख अजून आठवतं, म्हणून ही पायरी मोठ्या काळजीने लिहितोय.

कारागिराकडे प्रत्यक्ष जा. त्याने केलेलं, किमान एक पावसाळा पाहिलेलं वाद्य हातात घेऊन पाहायला मागा. नवं वाद्य सगळ्यांचंच देखणं असतं. पावसाळ्यानंतर नेक सरळ आहे का, फ्रेटची टोकं बाहेर आली आहेत का, हे खरं. लाकूड किती वर्षं सुकवलेलं आहे, ओलाव्याचं प्रमाण मोजता का, हे विचारा. चांगला कारागीर या प्रश्नांवर खुलतो आणि स्वतःहून लाकडाची थप्पी दाखवायला नेतो.

मग त्याला तुमचं वाजवणं ऐकवा. हे सांगायला संकोच वाटू देऊ नका: "मी दहा मिनिटं वाजवतो, तुम्ही हात बघा." मला शेवटी ज्यांनी बेस करून दिला, त्यांनी माझा सातचा रिफ ऐकून पहिली गोष्ट विचारली, "अंगठा इतका का फिरतोय?" माझ्या वहीतली सगळ्यात जुनी तक्रार त्यांनी दोन मिनिटांत पाहिली होती.

ठरलेलं सगळं कागदावर आणा: स्केल, तारांमधलं अंतर, नटची (हेडस्टॉकपाशी तारा टेकतात त्या पट्टीची) रुंदी, वजनाची कमाल मर्यादा, लाकडं, पिकअपची नावं, फ्रेटची संख्या आणि धातू, तारांची जाडी. बॉडीचा पूर्ण आकाराचा नकाशा पुठ्ठ्यावर कापून घ्या आणि पट्टा लावून गळ्यात अडकवून पाहा. वरचं शिंग छातीला टोचतं का, हात कुठे पडतो, सगळं कळतं. पैसे टप्प्याटप्प्याने द्या: ऑर्डरला काही, लाकूड कापून नेक जुळल्यावर काही, उरलेले वाजवून पाहिल्यावर. मुदत किती, मुदत टळली तर काय, पहिल्या वर्षातला सेटअप फुकट का, पेटी धरून किंमत का, हेही आधीच विचारून घ्या. एकदा काम सुरू झालं की नवनव्या मागण्या करू नका. अर्ध्यावर पाच तारांचा सहा तारांचा होत नाही.

घाई तर करूच नका. चांगल्या कारागिराकडे रांग असते आणि हातकामाला महिने लागतात. तेवढ्यात जुना बेस आहेच.

पायरी ७: घरी आल्यावर, आणि पहिला पावसाळा

नवा बेस आल्यावर पहिले काही आठवडे तो थोडा हलतो. तारांचा ताण नेकला नवा असतो. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यात किती फट आहे ते पाहा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या आसपास असावी. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची २ ते अडीच मिलिमीटर ही सुरुवातीला सोयीची. फट जास्त झाली तर ट्रस रॉड आवळा, नाहीशी झाली तर सैल करा, पण एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. मग बेस रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. रॉड फिरायला जड गेला तर थांबा आणि कारागिराला फोन करा.

जूनमध्ये हवा बदलली की लाकूड ओलावा घेतं, नेक हलतो, परवापर्यंत न खरखरणारा फ्रेट खरखरायला लागतो. घाबरू नका. बेस बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळोवेळी बदला. वाजवून झालं की तारा आणि फ्रेट कोरड्या फडक्याने पुसा, रोज. जुलै-ऑगस्टमध्ये रॉडला दर आठवड्याला हात लावत बसू नका. हवा स्थिर होऊ द्या.

वही चालू ठेवा. नव्या बेसचं पहिलं पान उघडा आणि पहिल्या महिन्यातल्या नोंदी जुन्या नोंदींशी ताडून पाहा. कोणत्या तक्रारी गेल्या, कोणत्या नव्या आल्या. माझ्या नव्या बेसवर खांद्याची नोंद पुन्हा आली नाही. अंगठ्याची अजून येते, ती आता रियाजानेच जाईल. पाऊस सरून हवा कोरडी झाली की, साधारण दिवाळीच्या आधी, बेस कारागिराकडे सेटअपला न्या. जाताना वही घ्या आणि त्यांना वाचायला द्या.